लाल शाईतलं ‘पाहिले’

...आणि वर म्हणतात, "सर, आपली ओळख एखाद्या प्राण्याच्या रूपात करून द्या!" अहो, छप्पन्न वर्षांचा माणूस मी, गुडघ्याला पट्टा बांधलेला, गळ्यात ‘प्रशिक्षणार्थी’ लिहिलेली पाटी, मांडीवर प्लॅस्टिकचं फोल्डर, आणि म्हणे प्राणी व्हा! चाळीस मुख्याध्यापक होते त्या हॉलमध्ये, त्यातले सव्वीस सिंह झाले. सव्वीस! एवढे सिंह एका छपराखाली, आणि पंखा बंद पडला तर उठून सांगायची एकाची छाती नाही. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, हजेरीपटावर सही केली की डोळे मिटायचे, मी मनातल्या मनात त्यांना डुलकीसर म्हणायला लागलो होतो, ते दचकून उठले आणि म्हणाले, "बैल." तेवढा एकच माणूस खरं बोलला बघा! मी? मी गरुड झालो. म्हटलं नजर तीक्ष्ण असते, वरून सगळं दिसतं...

हसू नका. पुढे हसायला पुष्कळ जागा आहेत.

तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं झाली मला त्या खुर्चीत बसून, आणि मुख्याध्यापक कसं व्हावं याचं प्रशिक्षण आत्ता! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी मुख्याध्यापक झालो कसा, ठाऊक आहे? शुक्रवारी शेवटच्या तासाला मी आठवी ‘ब’ला काळ-काम-वेग शिकवत होतो. आमचे आधीचे हेडसर त्याच दिवशी निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेत माझा नंबर पहिला, म्हणून सोमवारी मी हेडसर! शनिवार-रविवारात माझ्यात काय बदल झाला असेल हो? केस कापले होते, एवढंच. शाळेतल्या शिपायाला नेमताना विचारतात, घंटा वाजवता येते का? मला कुणी विचारलं नाही. आता तुम्हीच सांगा, आम्हाला कुणी शिकवलं होतं का?

जाताना जुने हेडसर मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं, आता गुरुमंत्र मिळणार. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, सत्तेचाळीस किल्ल्या, आणि माझ्या हातात ठेवला. म्हटलं, "सर, कुठली कशाची?" तर म्हणाले, "हळूहळू कळेल." नऊ वर्षांत अकरा कळल्या. आणि दुसरी वस्तू दिली ती लाल पेन. म्हणाले, "हे कायम खिशात ठेव. कागद आला की ‘पाहिले’ लिहायचं, खाली सही करायची आणि पुढे सरकवायचा. वाचत बसलास की मेलास!"

एवढंच माझं प्रशिक्षण. दारात उभ्या उभ्या, चार मिनिटांचं.

आणि मी आज्ञाधारक हो! शिक्षकांच्या टाचण वह्या असतात बघा, उद्या वर्गात काय शिकवणार, कसं शिकवणार, साहित्य काय लागणार, हे शिक्षकानं आदल्या दिवशी लिहायचं आणि मुख्याध्यापकानं तपासायचं. एकतीस शिक्षक, एकतीस वह्या, रोज! दुपारी चहा यायचा, चहाबरोबर गठ्ठा यायचा. डाव्या हातात कप, उजव्या हातात लाल पेन. पाहिले, पाहिले, पाहिले... चहा निवायच्या आत एकतीस वह्या! पुढे पुढे हात इतका बसला की रविवारी घरी आमच्या हिनं किराणा सामानाची यादी समोर धरली, तर तिच्यावरही लिहिलं, ‘पाहिले.’ ती म्हणाली, "आणणार कोण?"

मधून मधून एखादा शेराही मारायचो, नाहीतर वाटायचं हेडसर वाचतच नाहीत. दोन शेरे ठरलेले. एक, ‘अक्षर सुधारावे.’ दुसरा, ‘साहित्य वापरून झाल्यावर जागेवर ठेवावे.’ कुठल्याही वहीला चालतात. लक्षात ठेवा हा दुसरा शेरा... नाही, नका ठेवू. विसरलात तर बरंच.

तर मधे झालं काय, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एक तरुण बाई एका सोमवारी शाळेत आल्याच नाहीत. मंगळवारी नाहीत. बुधवारी हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, बाई गेल्या." मी म्हटलं, "गेल्या म्हणजे?" "नोकरी सोडून गेल्या." असा संतापलो तुम्हाला सांगतो! महिनाभर आधी सूचना द्यायची असते हो, नियम आहे! कारणे दाखवा नोटीस काढली. उत्तर आलं तेही हेडक्लार्कनं आणून ठेवलं असणार, मी त्यावर काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच आहे. नंतर त्यांचे फोन यायला लागले, "सर, अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं, त्याशिवाय दुसऱ्या शाळेत घेत नाहीत." मी तीनदा नाही म्हटलं. तीनदा! "न सांगता पळून जाता, आणि वर प्रमाणपत्र मागता?" असं मी म्हणालो, याच तोंडानं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यांचं उदाहरण दिलं, आजकालची पिढी वगैरे. माझी बाजू शंभर टक्के बरोबर होती ना! माणसं कशी सांभाळायची हे आम्हाला कुणी शिकवलं होतं का?

आता या पाच दिवसांच्या प्रशिक्षणावर या.

आधी मला वाटलं, नेहमीसारखंच असणार. मागे एकदा ‘संगणकाची ओळख’ म्हणून बोलावलं होतं, तर वीज नव्हती. त्या माणसानं फळ्यावर संगणकाचं चित्र काढलं आणि खडूनं बटणं दाबून दाखवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण या खेपेच्या प्रशिक्षक बाई वेगळ्या निघाल्या. बारीक आवाज, मोठा चष्मा, आणि प्रश्न असे विचारायच्या की सिंहसुद्धा पायाकडे बघायला लागले. "सर, तुमच्या शाळेत पंखे किती?" मी ताडकन म्हटलं, "चोपन्न, तीन नादुरुस्त!" "बाकं?" "चारशे दहा!" "गेल्या पाच वर्षांत किती शिक्षक सोडून गेले?" मी म्हटलं, "...असतील सहा-सात." "का गेले?" आता का गेले हे काय जडवस्तू नोंदवहीत लिहिलेलं असतं? मी म्हटलं, "वैयक्तिक कारण." बाईंनी मान हलवली आणि फळ्यावर लिहिलं, ‘वैयक्तिक कारण.’ मग दुसऱ्यांना विचारलं. दुसरे म्हणाले, वैयक्तिक कारण. तिसरे, वैयक्तिक कारण. बाईंनी चाळिसांना विचारलं हो! फळा भरला.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रत्येक गटाला झेरॉक्सचा एकेक गठ्ठा मिळाला. बाई म्हणाल्या, "ही एका शिक्षिकेची टाचण वही आहे. नावं, सह्या, शाळा, सगळं कापलंय. प्रत्येक पानावर मुख्याध्यापकानं काय करायला हवं होतं, ते सांगायचं. गटातल्या एकानं पुढे येऊन पानं वाचून दाखवा." आमच्या गटानं मला ढकललं. आवाज खणखणीत ना माझा! डुलकीसर म्हणाले, "जरा रंगवून वाचा, झोप उडेल."

मग काय! मी उभा राहिलो, फोल्डर काखेत मारलं आणि सुरू केलं. पहिलं पान. ‘घटक, उष्णतेचे वहन. साहित्य, मेणबत्ती, धातूची पट्टी.’ खाली मुख्याध्यापकांचा शेरा, ‘पाहिले.’ ठीक. दुसरं पान. ‘साहित्य, नाही. सर, तीन आठवडे प्रयोगशाळेची किल्ली मिळत नाही. कृपया बघाल का?’ शेरा, ‘पाहिले.’ हॉलमध्ये खसखस पिकली. तिसरं पान. ‘वर्गात अडुसष्ट मुलं, बाकं बावीस. मागच्या मुलांना खिडकीत बसवते आहे.’ शेरा, ‘पाहिले. अक्षर सुधारावे.’ हशा! मी थांबलो, नाकावर चष्मा ओढला, कप धरल्यासारखा डावा हात केला आणि त्या मुख्याध्यापकाची नक्कल केली. नक्कल! मान न उचलता हवेत सही, पान उलट, सही, पान उलट... लोक टेबलं बडवायला लागले. म्हटलं आणखी घ्या! चौथं पान. ‘सर, तुम्ही हे वाचता का? वाचत असाल तर उद्या फक्त हो असं लिहा.’ शेरा, ‘पाहिले.’ पाचवं पान. ‘उद्याच्या तासाला प्रयोगशाळेत जिवंत हत्ती आणून त्याचे वजन करण्यात येईल.’ शेरा... अहो, मला वाचवेना हसून... ‘पाहिले. साहित्य वापरून झाल्यावर जागेवर ठेवावे!’

हशानं हॉल दणाणला. एक सिंह खुर्चीवरून घसरला. माझ्या डोळ्यांतून पाणी. मी ओरडलो, "कोण हो हा गाढव? याला मुख्याध्यापक कुणी केलं?"

तुम्ही ओळखलंत ना? केव्हाच! सगळ्यांना कळलं असतं, मलाच कळलं नव्हतं. तुम्हाला सांगतो, झेरॉक्समध्ये लाल शाई काळी होते हो! नऊ वर्षं मी माझं अक्षर लाल बघितलंय. काळ्यात मला ते दुसऱ्याचंच वाटलं. आणि तो हत्तीचा शेरा? म्हटलं हा शेरा सगळेच मारत असणार, आपल्यासारखे शहाणे सगळीकडे असतात.

मग सहावं पान आलं. मी तोच कप धरलेला हात, तीच खाली घातलेली मान, मोठ्यानं वाचायला लागलो. ‘सर, आज तास संपल्यावर मी प्रयोगशाळेच्या बंद दारापाशी रडले. मुलांसमोर रडले, याची लाज वाटते.’ शेरा, ‘पाहिले.’ हसणारे थोडे कमी झाले. सातवं पान, शेवटचं. ‘सर, मी एक महिन्यानंतर नोकरी सोडते आहे. अर्ज घेऊन कार्यालयात गेले, तर आधी तुमची सही आणा म्हणाले. तीन दिवस तुमच्या दाराबाहेर बसले, त्या विटेवर पाय टेकवलेल्या बाकावर. भेट झाली नाही. वही तेवढी रोज तुमच्याकडे जाते, म्हणून इथे लिहिते. ही माझी सूचना समजावी.’

विटेवर पाय टेकवलेलं बाक.

अहो, त्या मोडक्या पायाखाली ती वीट मी ठेवली आहे. माझ्या हातानं. सुताराला बोलावायचा अर्ज वर पाठवायला नको म्हणून.

हात हवेतच राहिला माझा. खालचं अक्षर बघितलं, ‘पाहिले’तल्या ‘ले’ची मात्रा मागे लांब ओढलेली. अशी मात्रा सबंध जगात एकच माणूस ओढतो. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं आपण उगाच म्हणतो हो. त्या दिवशी मी खरोखर खाली फरशीकडे बघितलं. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "सर, शेरा वाचा." मी वाचला, "पाहिले." आणि काय व्हावं? टाळ्या! कडकडाट! डुलकीसर उभे राहून टाळ्या वाजवताहेत, "काय अभिनय! शेवटी काय आवाज कापला यांचा!" मला उत्कृष्ट सादरीकरणाचं बक्षीस दिलं तिथेच.

आणि मी ते घेतलं. हे सांगताना मला आत्तासुद्धा तुमच्याकडे बघवत नाही. घेतलं मी. डुलकीसर म्हणाले, "असला माणूस नोकरीत ठेवतात कसा हो?" आणि मी म्हटलं, "हो ना!"

घरी गेलो, हिला सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी म्हणेल, जाऊ दे, तुमची काय चूक. मी म्हटलंही, "अगं, आम्हाला कुणी शिकवलं होतं का?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "वाचायला पहिलीत शिकवतात." बास. पुढची घडी.

चौथ्या दिवशी मी प्रशिक्षक बाईंना जिन्यात गाठलं. म्हटलं, "बाई, ती वही... ती वही जिची आहे..." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं असावं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "सर, मला नावं नकोत. जिनं वही लिहिली तिला सांगा. आणि लवकर सांगा. तिनं वही आम्हाला दिली तेव्हा म्हणाली होती, एका शाळेत जागा आहे, या शनिवारपर्यंत अनुभवाचा कागद दिला तरच."

तो गुरुवार होता!

शुक्रवारी प्रशिक्षण संपलं. अभिप्रायाचा फॉर्म टेबलावर तसाच टाकून सरळ शाळेत. हेडक्लार्कना म्हटलं, "त्या बाईंचं अनुभवाचं प्रमाणपत्र, आत्ताच्या आत्ता! आणि कंजूषपणा करू नका, चांगलं दणकून लिहा!" ते म्हणाले, "पण साहेब, नियम..." म्हटलं, "नियम मी मोडलाय, त्यांनी नाही." बघा, असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, माझंच मला बरं वाटलं. तासाभरात कागद आला. सही ठोकली, शिक्का मारला, शाळेचा शिक्काही खिशात घातला, असू दे म्हटलं, आणि विचारत विचारत बाईंच्या घरी पोचलो. वाटेत भाषण पाठ करत होतो. बाई, माझं चुकलं. बाई, मला क्षमा करा. बाई, मी पाहिलं नाही...

दोन खोल्यांचं घर. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर दहा-बारा मुलं, बाई शिकवणी घेताहेत. एका कोपऱ्यात त्यांची आई भिंतीला टेकून बसलेली. एका बशीत मेणबत्ती पेटवलेली, तिच्यावर चमचा धरलेला, चमच्याच्या दांड्यावर मेणाचे ठिपके. उष्णतेचे वहन! आमच्या कुलूपबंद प्रयोगशाळेत न झालेला प्रयोग, स्वयंपाकघरातल्या चमच्यावर. मला बघून बाई उठल्या. "या सर," म्हणाल्या. कुठे तोंड काळं केलं होतंत, असं नाही म्हणाल्या. "या" म्हणाल्या. त्यानं माझं पाठ केलेलं सगळं भाषण पार उडालं.

मी कागद पुढे केला. म्हटलं, "बाई, हे... आधीच द्यायला हवं होतं." त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. वाचला. परत वाचला. मग मला विचारलं, "सर, हे वाचलंत?"

म्हटलं, "हो... म्हणजे... का?"

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. ‘प्रमाणपत्र देण्यात येते की, सदर गृहस्थांनी या शाळेत अडतीस वर्षे शारीरिक शिक्षणाचे अध्यापन केले. त्यांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्यास शुभेच्छा.’ खाली सही माझी. शिक्का माझा. एकोणतीस वर्षांच्या विज्ञानाच्या बाईंना! हेडक्लार्कनी जुन्या पी.टी.च्या सरांचा मजकूर काढला होता, वरचं नाव तेवढं बदललं होतं. आणि मी? पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, बक्षीस मिळवून, डोळ्यांत पाणी आणून... न वाचता सही केली! पालथ्या घड्यावर पाणी! याच कागदासाठी, याच बाईंच्या!

मी मटकन खाली बसलो, मुलांमध्ये. म्हटलं, "बाई, मला कुणी शि..." आणि पुढचं गिळलं. त्या दिवशी ते वाक्य तोंडातून बाहेर येईना, खरंच सांगतो. म्हटलं, "बाई, मला एक कोरा कागद द्या. आणि तुम्ही काय काय केलंत ते सांगा. मला माहीत नाही."

कबूल केलं. अडीच वर्षं माझ्या शाळेत शिकवलं त्यांनी, आणि मला माहीत नव्हतं.

त्यांनी मुलांना गणितं दिली आणि सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. किल्ली नव्हती तर घरून साहित्य आणलं. खिडकीत बसणाऱ्या मुलांसाठी मधल्या सुट्टीत पुन्हा शिकवलं. नापास होणारी एकोणीस मुलं पास केली. मी म्हणायचो, "आणखी?" त्या म्हणायच्या, "पुरे की सर." मी म्हणायचो, "नाही, आणखी." दोन पानं झाली. शेवटी लिहिलं, एक महिन्याची रीतसर सूचना देऊन या सेवेतून मुक्त झाल्या. सही करायला पेन टेकवलं आणि थांबलो. म्हटलं, "आधी वाचतो." आणि मोठ्यानं वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मुलं गणितं सोडून ऐकत होती. कसला अभिनय नाही, काही नाही, तरी आवाज कापला. मग सही केली, शिक्का मारला. बाईंनी कागदाची घडी घातली, "उद्या देते," म्हणाल्या. बस. माफ केलं की नाही, ते काही बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही, कोणत्या तोंडानं विचारणार?

निघायला उठलो, तर त्यांची आई माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन उभी. कोण कुठला मी, त्यांना काही ठाऊक नसावं. त्यांनी ते सगळं वाचन ऐकलं होतं. अगदी साधेपणानं, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं, "साहेब, पोर एवढी चांगली शिकवत होती, तर तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत?"

पाणी प्यायलो. पेला परत दिला. म्हटलं, "आई, मला ती गेल्यावर कळलं की होती."